पूजलेली बंदूक

कागदावर छर्ऱ्यांच्या भोकांचा गठ्ठा डावीकडे जमला होता. उजवीकडे पंजाएवढा कागद कोरा. अक्षराने दुसरं काडतूस झाडून पाहिलं. तसंच. एवढ्या जागेतून चाचणीत फोडायची ती उडती मातीची बशी सुखरूप निघून गेली असती.

नळीच्या तोंडात बसवलेला चोक घट्ट होता. छर्रे पांगू देत नसे. तिच्या नेहमीच्या काडतुसांना तो मानवायचा. आज लातूरच्या निवड चाचणीत सगळ्यांना वेगळी, तेज काडतुसं मिळाली होती. त्यांचे छर्रे त्या चोकातून धड पसरत नव्हते. मोकळा चोक पिशवीतच होता. बदलायला कितीसा वेळ?

पण काल खंडेनवमी झाली होती. उदगीरच्या घरी सासऱ्यांनी, गुरुबसप्पांनी, बंदूक पूजेला मांडून नळीवर विभूतीची बोटं ओढली होती. "सीमोल्लंघन होईपर्यंत पूजलेलं हत्यार चालवा, पण सुटं करायचं न्हाई." म्हणून बंदूक अख्खीच, मागच्या सीटवर आडवी झोपवून आणली. आणि लक्ष ठेवायला सासऱ्यांनी सासूबाईंना, बसम्मांना, सोबत धाडलं.

बसम्मा दूर लिंबाखाली नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. लेकराच्या कानांत कापूस, वर टोपी, तरी प्रत्येक बारानंतर अक्षरा आधी लेकराकडे बघायची, मग कागदाकडे. बाळंतपणानंतरची ही पहिलीच चाचणी. आज हुकलं तर घरात एकच वाक्य निघणार होतं: झाली हौस, आता लेकरू सांभाळ.

तिने चोकाची चावी काढली. परत ठेवली.

बसम्मा उठून आल्या. "यव्वा! अर्धा कागद उपाशीच की गं."

"अत्या, चोक बदलावा लागतो. पण मग बंदूक सुटी होते."

बसम्मांनी रिकाम्या बंदुकीकडे बघितलं. लेकरू अक्षराच्या कडेवर दिलं. पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि नळीवरची विभूती खसाखसा पुसून काढली.

"आता पूजलेली न्हाई. बदल."

अक्षराने लेकरू परत दिलं, चोक बदलला. बशा फुटत गेल्या. एक निसटली, बाकीच्यांची भुकटी झाली. विभागाच्या संघात पहिलं नाव अक्षराचं लागलं. ती हसत वळली, तेवढ्यात सासूबाईंचा फोन वाजला. उदगीरच्या दुकानातून, सासऱ्यांचा.

"अत्या, विभूती घामानं गेली म्हणा. उगं घरात वाद नको."

बसम्मांनी हातानंच तिला गप्प केलं. "व्हय, मीच बोलतेय. दुकानात कोण कोण हाय? सगळेच? मग फोन मोठ्यानं लावा."

अक्षराने डोळे मिटून घेतले.

"ऐका सगळे. पूजा म्या मोडली अन् सून पहिली आली. ज्याला काय बोलायचंय त्यानं आत्ताच बोलून घ्या, संध्याकाळी नुसते पेढे खायचे."