छातीशी धरलेला रेडिओ

"मध्येच एक ठोका गळतोय," शशिधर म्हणाले. "तीन दिवस झाले. हिचा पेसमेकर नीट तपास."

लंडनमधल्या हॅरोच्या क्लिनिकमध्ये ऋजुताने सुचेताच्या खांद्याखाली तपासणीचं यंत्र टेकवलं. ऋजुता इथेच जन्मलेली, पण काका-काकूंशी हटकून मराठी बोलायची.

"काका, तुम्हाला कसा कळला?"

शशिधरनी पिशवीतून जुना ट्रान्झिस्टर काढला. मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीत, पेसमेकरची टिक ऐकू येते. सत्तरच्या दशकात मेडनहेडजवळच्या एका छोट्या कारखान्यात ते असेच तपासायचे. पेसमेकर समोर टेबलावर, डाव्या हाताने रेडिओ छातीशी धरलेला, उजवा हात पेन्सिलीसाठी मोकळा. शंभर ठोके मोजल्याशिवाय एकही पेसमेकर बाहेर जायचा नाही. पलीकडच्या बाकावर सुचेता मायक्रोस्कोपखाली तारा जोडायची.

"माझ्या चुका हे कानाने पकडायचे," सुचेता म्हणाली. "वाटलं, लग्न केलं की थांबतील."

"सत्तावीस परत पाठवले होते मी तुझे."

"एकोणीस."

ऋजुता हसली.

"अजून रोज सकाळी मला समोर बसवतात आणि रेडिओ धरतात," सुचेता म्हणाली. "गेल्या वर्षी यांनाही पेसमेकर बसवला, पण घरात पेशंट मी एकटीच."

शशिधर हसले नाहीत. तीन दिवस त्यांना धड जेवण गेलं नव्हतं.

"काही असेल तर आत्ताच सांग, ऋजुता. हिच्यासमोर सांगितलंस तरी चालेल."

ऋजुताने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "काका, एकदम परफेक्ट. तीन महिन्यांचा पूर्ण रेकॉर्ड आहे, एकपण बीट मिस नाही. काकूंची बॅटरी अजून सहा वर्षं चालेल."

शशिधरनी आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. पुन्हा एकदा वाचले. मग चष्मा काढून पुसला.

"कान म्हातारे झाले माझे."

"झाले एकदाचे," सुचेता म्हणाली. तिने कोट चढवला. "या लवकर, बस चुकेल." ती कॉरिडॉरच्या टोकाला लिफ्टकडे गेली. ऋजुता पुढच्या पेशंटला बोलवायला बाहेर पडली.

शशिधरनी रेडिओ उचलला. पिशवीत टाकण्याआधी सवयीने तो सुरू केला, छातीशी धरला.

समोरची खुर्ची रिकामी होती.

टिक, टिक, टिक. मग एक जागा कोरी गेली.