डोळ्यांची आखणी

"डोळे रंगवू नका, बाबा. कावळ्यांना फसवायला नुसती पाठ पुरते," जुईनं बजावलं होतं. पण नरहरींनी जन्मभर पेणला गणपती घडवलेले. डोळ्यांविना मूर्ती हातावेगळी करणं त्यांना जमेना. लेकीकडे अमेरिकेत आल्यावर वेळ जाईना, म्हणून तिनंच आपल्या कासवं वाचवायच्या कामातली ही प्लास्टिकची दहा छोटी कासवं रंगवायला दिली होती. वाळवंटातल्या कासवांची खरी पिल्लं कावळे कवच फोडून खायचे. या खोट्यांवर चोच मारली की तोंडावर झणझणीत फवारा उडे. जुई म्हणे, कावळ्यांची खोड तरी मोडेल.

सकाळी दोघांनी दहाही कासवं वाळूत मांडली. संध्याकाळी गोळा करायला गेले, तर एक कावळा डोकं झटकत, शिव्या घालत उडाला. "जमलं, बाबा!" जुईनं उडीच मारली आणि बोटानं कासवं मोजू लागली. वाळूत अकरा कासवं होती.

नरहरी उचलायला वाकले.

"हात लावू नका! खरं पिल्लू घाबरलं तर साठवलेलं पाणी सोडून देतं, मग तहानेनं मरतं. तुमची दहा कुठली, तेवढं सांगा!"

नरहरींनी चष्मा पुसला. गुडघ्यांवर बसून एकेकाला निरखलं आणि पोट धरून हसायला लागले. "च्यायला, मलाच कळत नाही गं!"

बापलेक वाळूत पालथे पडून, हसू दाबत वाट बघू लागले. अकराही जण त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

शेवटी एकानं डोळे मिचकावले.