अंबादासची बसलेली बॅटरी

आपल्याजवळ असलेल्या वस्तूवाचून दुसऱ्याचे काम अडत असेल, तर ती वस्तू घेऊन घरी बसून राहण्याचा अधिकार माणसाला आहे का? प्रश्न लहान दिसतो. पण नंदकिशोरांना तो चौदा महिने दर रविवारी पहाटे अंथरुणातून उठवत आला होता.

वस्तू पोथीएवढी होती. दोन चिमटे असलेला जंप स्टार्टर. मोटरसायकलची बॅटरी बसली की बाहेरून वीज देऊन गाडी सुरू करून देणारा. ओजसने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, तो लडाखच्या प्रवासासाठी घेतला होता. निघायला तीन आठवडे उरले असताना ओजस पाच दिवसांच्या तापात गेला.

त्यानंतर पार्ल्याच्या त्या घरात ओजसच्या वस्तूंविषयी कोणी बोलेनासे झाले. तसे कोणी ठरवले नव्हते. नंदकिशोरांच्या पत्नीने, जयंतीबाईंनी, त्या जंप स्टार्टरला ओजसच्या जुन्या जीन्सची जाड खोळ शिवली. चिमटे तेवढे बाहेर राहिले. रविवारी पहाटे त्याची पिशवी दाराशी तयार असे. नंदकिशोर ती उचलत आणि ओजसच्याच गाडीवरून दहिसरला जात.

दहिसरला अंबादास राहत. एका कचेरीत तीस वर्षे शेजारच्या टेबलांवर बसलेले हे दोघे पूर्वी सुट्टी मिळाली की मोटरसायकलींवरून भटकत. ओजसचे तेरावे झाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी अंबादासांचा फोन आला. सांत्वनाचा एक शब्द त्यात नव्हता. बॅटरी बसली आहे, पार वाट लागली आहे, ओजसचा तो डबा घेऊन ये, एवढेच ते बोलले. नंदकिशोर गेले, कारण नाही म्हणायलाही थोडे बळ लागते.

तेव्हापासून क्रम पडून गेला. अंबादास उजव्या मुठीजवळच्या तांबड्या खटक्यावरून अंगठा फिरवून बटण दाबत, गाडी निपचित. मग ते चिमटे स्वतःच लावत, डबा नंदकिशोरांच्या हातात देत आणि म्हणत, "मोज रे दहापर्यंत." दहा झाले की गाडी सुरू होई. मग दोघे वज्रेश्वरीला, वसईच्या किल्ल्याकडे, कधी मनोरीला जात. चहाला थांबले की परतताना पुन्हा तेच. मनोरीला नंदकिशोर समुद्राकडे पाहत. समुद्र दिसत असे. त्यापलीकडे काही होत नसे.

नवी बॅटरी घे, असे त्यांनी दोनदा सुचवून पाहिले. अंबादासांनी हसून उडवून लावले. "तू आहेस ना. मग बॅटरी कशाला?" एरवी गाडी ते नीट ठेवत. तिच्यावर कधी धूळ दिसली नाही. डाव्या मुठीला केसांचे एक रबर अडकवलेले असे.

या आठवड्यात मात्र नंदकिशोरांनी निश्चय केला. डबा अंबादासांनाच देऊन टाकायचा. म्हणजे कोणाचे काही अडणार नाही, आणि रविवारी उठण्याचे कारण उरणार नाही. इतर दिवशी ते आधीच उरले नव्हते. या विचाराचे त्यांना भय वाटले नाही, दुःखही नाही. वाद नको म्हणून त्यांनी शनिवारची दुपार निवडली. अंबादास त्या दिवशी बहिणीकडे कल्याणला जाणार होते. डबा कायमचा देऊन येतो, असे त्यांनी जयंतीबाईंना सांगितले. त्या पिशवीकडे पाहत राहिल्या आणि सावकाश जा म्हणाल्या.

अंबादासांची मुलगी संघमित्रा घरी होती. ती बोरिवलीच्या एका रुग्णालयात परिचारिका होती. ती नंदकिशोरांबरोबर खाली आली. गाडीशी उभे राहून त्यांनी तिला सगळे नीट समजावले: तांबडा चिमटा कुठे, काळा कुठे, आणि मग दहापर्यंत मोजायचे.

"मोजायचं कशाला, काका?"

"तुझ्या बाबांची पद्धत आहे."

"बाबांची काय, चहा ढवळायची पण पद्धत आहे."

तिने खोळ काढली आणि डब्याचे बटण दाबले. त्यावर चार बारीक दिवे होते. एकही लागला नाही. हा चार्ज कोण करते, असे तिने विचारले. नंदकिशोर म्हणाले, तुझी काकू.

त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. चौदा महिन्यांत या वस्तूविषयी ते दोघे प्रथमच बोलत होते. 

"मला वाटलं, तुम्ही करता," जयंतीबाई म्हणाल्या. "त्याची वायर ओजसच्या सॅकमध्ये आहे. ती सॅक मी उघडलेलीच नाही."

नंदकिशोरांनी फोन ठेवला.

"यात वर्षभर तरी काही नसेल, काका," संघमित्रा म्हणाली.

"गेल्या रविवारी तर चालला." त्यांचा आवाज कित्येक महिन्यांनी किंचित चढला होता. "आणि उद्या? उद्या अंबादासची गाडी कशी सुरू होणार?"

संघमित्राने डाव्या मुठीचे रबर काढून केस बांधले, किल्ली फिरवली आणि बटण दाबले. गाडी पहिल्याच दमात सुरू झाली.

"हिला काय झालंय? रोज मीच नेते ना ही ड्युटीला. बाबांना फक्त रविवारी मिळते."

इंजिन चालू होते. उजव्या मुठीजवळ तो तांबडा खटका होता, बंद केला की चांगली गाडीही निपचित करणारा. नंदकिशोरांनी नकळत मोजायला सुरुवात केली आणि ते दहापर्यंत पोचले. मग त्यांनी डब्यावर पुन्हा खोळ चढवली, चिमटे गुंडाळले, पिशवी खांद्याला लावली. संघमित्राच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "सुखी राहा, बाळ. मी आलो होतो हे बाबांना सांगू नकोस. उद्या सहाला येतो."

फाटकाशी ते थांबले आणि वळून त्या गाडीकडे पाहून मनात म्हणाले: ही अशीच अडत राहो. हिच्या धन्याला शंभर वर्षांचे आयुष्य लाभो.