धाकलूची खुशी

काल धाकलूनं स्वखुशीनं घर, शेत आणि दिग्गी गावावरचा डोंगर सोडला. असं कागद म्हणत होता; प्रत्यक्षात ते झालंच नव्हतं. कारण आज सकाळी तो आपल्याच अंगणात कंद सोलत बसला होता आणि ज्या फॉर्मवर हे छापलं होतं तो वनखात्याच्या साहेबांच्या हातात होता. सहीविना. तारीख मात्र कालची पडली होती.

"सही कर. तू कालच गेलायस," साहेब म्हणाले. वाघांसाठी जंगल मोकळं करणं, हे त्यांचं काम.

धाकलू म्हणाला, मी आजवर काही स्वतःहून ठरवलेलं नाही. पेरणी, लग्न, म्हैस, सगळं देवाच्या कौलानं. तर खुशीही त्यालाच विचारावी लागेल.

साहेबांनी शिवी गिळली. त्यांनाही वर विचारायचं होतंच. देव टेकडीच्या माथ्यावर, फोनची रेंजही तिथंच. दोघं एकाच वाटेनं, एकमेकांकडं न बघता चढले. मागून धाकलूची बायको रुक्मा. हातात कोयता.

धाकलूनं देवाच्या दगडावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर जायचं, डावी पडली तर राहायचं. शेजारी साहेब कमरेत वाकून फोनवरच्या वरिष्ठांना कानडीत "हौदु सर, हौदु सर", म्हणजे हो सर, हो सर, करत होते.

डावी पडली.

"न्हाई म्हनतोय," धाकलू म्हणाला.

"तुझा देव सरकारी यादीत नाही. माझा आत्ताच हो म्हणाला."

धाकलूनं दोन्ही देवांचा अंदाज घेतला. जो मोठ्यानं बोलतो त्याचं ऐकायची त्याला सवय होती. त्यानं पेन घेतलं.

रुक्मानं कोयत्याच्या पाठीनं ते उडवलं.

"दगडाला इचारलासा, फोनला इचारलासा. घरात मी हाय. मला कोन इचारनार?"

साहेब म्हणाले, बायकोला फॉर्मात रकाना नाही. खुशी घरटी एकच, कुटुंबप्रमुखाची. नाखुशीचा अर्ज वेगळा असतो आणि तो अजून छापलेला नाही.

"मग ह्याच कागदाच्या पाठीवर लिवा, सायेब."

कोयता खाली आला नव्हता. साहेबांनी पेन उचलून आणलं आणि लिहिलं:

"अर्जदार रुक्मा धाकलू हिला स्वतःच्या घरात, मरेपर्यंत, नाखूश राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."