तक्रारदार समाधानी

"तक्रार बंद केली कुणी? नाव सांगा!" रितेशने टेबलावर हात आपटला. पाण्याच्या बाटल्या आडव्या झाल्या.

"बाटल्या कशाला आणल्या?" मागून काळुराम ओरडला. "आमच्याकडं पाणी कमी पडलं व्हय?"

कुणी हसलं नाही. वडखळच्या पलीकडलं खाडीकाठचं गाव. देवळापुढच्या मांडवात खाडीचा बांध घालणाऱ्या संस्थेची माणसं खुर्च्यांवर, गाव उभं. पाठीमागे पोटरीला आलेला भात खाऱ्या पाण्याने करपलेला.

आधी बांध गावाचा होता, मातीचा. गळती दिसली की घरटी एक माणूस धावायचा, चिखल-पेंढा कोंबायचा. मग संस्थेने दगडी बांध घातला आणि पाटी ठोकली: परवानगीशिवाय हात लावू नये. तक्रार फोनवर करावी. गावाने पाटी पाळली. रितेशच्या बापाला, सखाला, गळती दिसली. त्याने फोन केला. कुत्रं फिरकलं नाही. नऊ दिवसांनी पुनवेच्या उधाणात, भर दुपारी, बांध फुटला. म्हातारा पेंढा घेऊन धावला. ओहोटी लागल्यावर प्रेत सापडलं.

संस्थेच्या नमिता मॅडमनी कागद चाळला. "तक्रारदार समाधानी, म्हणून बंद. आमच्या फोनला उत्तर तुमच्याच घरून आलंय."

"खोटं!"

"रेकॉर्डिंग आहे."

"मग लावा ना! अख्ख्या गावाला ऐकवा!"

मॅडमनी मोबाइल माइकला लावला. एका मुलीचा गोड आवाज आला. "आजी, जेवलात का? संस्थेच्या कामावर समाधानी आहात ना?" गळतीबद्दल एक शब्द नाही.

"व्हय बाय. लय उपकार तुमचे."

आवाज हौसाचा होता. सखाच्या बायकोचा.

रेकॉर्डिंगमध्ये मागे कुणी खोकलं. मग सखाचा आवाज आला, "गो, तिला सांग, बांधातनं पाणी..."

"गप ऱ्हावा! लोकांनी एवढा बांध दिला, आन नावं ठेवायची?"

फोन संपला.

रितेशला आईकडे बघवेना. मॅडमनी मोबाइल पर्समध्ये टाकला. त्यांच्यापुरता प्रश्न मिटला होता.

हौसा गर्दीतून पुढे आली. डोक्यावरचा पदर खाली आला होता, तिला भान नव्हतं. टेबलाची कड तिने दोन्ही हातांनी धरली.

"परत लाव गो," ती म्हणाली. "ते काय सांगत व्हते, या बारीला ऐकते."