साळिंदराचा आवाज

पडद्यावरच्या साळिंदरानं उडी घेऊन लाथ हाणली, ती हुकली, आणि त्याच्या पाठीवरचे काटे सुटून थेट गुरुजींच्या बुडात घुसले. गुरुजी म्हणजे एक म्हातारा बगळा. तो एका पायावर थयथया नाचायला लागला आणि थिएटरमधली झाडून सगळी पोरं खिदळली. शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर एकटीच बसलेल्या बाईचा जीव भांड्यात पडला.

साळिंदराचा आवाज तिचा होता.

लहान मुलांचे आवाज काढण्यात तिचा हातखंडा होता, पण नायकाचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. डबिंगच्या काचबंद खोलीत ती साळिंदराच्या ओठांवर आपले शब्द बसवत राहिली. मारामारीतले हूं-हां, धापा, किंकाळ्या मुद्दाम शेवटी ठेवल्या होत्या, कारण त्यात घशाची वाट लागते. तशी ती लागलीच. पुढे काही दिवस तिच्या तोंडून धड शब्द फुटेना. घरी बोलायला दुसरं कुणी नसल्यामुळे फारसं अडलं नाही. अडायचं ते संध्याकाळी, लेकीचा फोन आला की. मग लेक बडबडायची आणि ही नुसते हुंकार भरायची.

लेक नऊ वर्षांची. वडिलांकडे राहायची. तिथून शाळा जवळ, आणि आईच्या कामाला ना वेळ ना काळ, म्हणून तसं ठरलं होतं. एकाआड एक रविवार आईचा. त्या रविवारी लेक बगळा व्हायची, आई साळिंदर, आणि पलंगावर संवादांची तालीम चालायची. सिनेमा आला की पहिल्यांदा दोघींनीच बघायचा, असं लेकीनं वदवून घेतलं होतं.

आजचा रविवार वडिलांचा होता. पण हिला राहवलं नाही. पोरं हसतात की नाही, एवढंच बघून यायचं आणि लेकीला पत्ता लागू द्यायचा नाही, असं मनाशी ठरवून ती आली होती.

मध्यंतर झालं. दिवे लागले. दोन रांगा पुढे एक मुलगी आळस द्यायला उभी राहिली. पाठमोरीच होती, पण आईला पाठही पुरते. केसांच्या दोन वेण्या कुणीतरी छान, घट्ट घातल्या होत्या. तिच्या एका बाजूला तिचे बाबा होते, दुसऱ्या बाजूला त्यांनी गेल्या वर्षी लग्न केलेली बाई.

चप्पल खुर्चीखाली गेल्यासारखं करून ती पटकन वाकली आणि तशीच वाकून राहिली. शेजारच्या गृहस्थांनी पाय वर घेतले. "सापडली का?" त्यांनी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली.

पुढचं सगळं तिथवर नीट ऐकू येत होतं.

"आवडला ना गं?" बाई विचारत होती.

"हो मावशी."

"त्या साळिंदराचा आवाज किती गोड आहे. कुणी काढला असेल?"

मुलीचे बाबा मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. इतकी वर्षं संसार करून त्यांना तो आवाज ओळखू आला नसेल, हे शक्यच नव्हतं. पण त्यांनी मान वर केली नाही.

"काय माहीत," लेक म्हणाली.

अंधार झाला. साळिंदर पुन्हा बोलायला लागलं. ती मात्र तशीच ओणवी होती. मग तिला वाटलं, पोरीचं काय चुकलं? जी वेण्या घालते, डबा भरून देते, रात्री पांघरूण सारखं करते, ती शेजारी बसलेली. तिच्यासमोर कशाला दुसरीचं नाव काढायचं? अशी समजूत घालायला सोपी होती. पटायला नव्हती. ती उठली, गुडघे चुकवत, माफी मागत रांगेतून बाहेर पडली. दार ढकलल्यावर बाहेरचा उजेड आत सांडला, तशी ती घाईघाईनं सटकली.

घरी आल्यावर ती पायांतलं न काढता पलंगावर बसून राहिली. दिवेलागणीला फोन वाजला. बराच वेळ वाजू दिल्यावर तिनं उचलला.

"आई, काय करतेस?"

"काही नाही गं. बसलेय."

"पुढच्या रविवारी आपला सिनेमा आहे ना?"

"तू पाहिला नाहीस अजून?"

"नाही," लेक म्हणाली. मग तिनं विचारलं, "तू?"

"मी कशी बघेन तुला सोडून?"

पलीकडे कुठलंसं दार लोटल्याचा आवाज आला. लेक आता अगदी फोनला तोंड लावून हळू बोलत होती.

"साळिंदर कोण आहे ते मी इथे कुणाला सांगितलं नाहीये. तुझं नाव निघालं की बाबा एकदम गप्प होतात. मग मावशीपण गप्प होते. म्हणून ते आपल्या दोघींतच."

"बरं," आई कशीबशी म्हणाली. इतक्या जणांना हसवणारा तिचा आवाज तेवढ्या एका शब्दालाही पुरा पडला नाही.

"मग रविवारी नक्की," लेक म्हणाली. "पण आई, या वेळी मध्येच उठून जायचं नाही."