चहात भिजवलेला पेपर

दाऊदचाचा हॉलमध्ये शिरले आणि श्रेया दोन पावलं मागं सरकली.

"अगं, हेच ते," सासूबाई, म्हणजे साळूबाई, कौतुकानं कुजबुजल्या. "आप्पांचे शाळेतले दोस्त. जन्मभर छापखान्यात होते. जुना पेपर नुसता हातात घेऊन साल सांगतेत."

झालं! श्रेयानं हातातली कागदाची सुरळी आणखी घट्ट धरली.

सासरे आप्पासाहेब आज पंचाहत्तर वर्षांचे झाले होते. बजाजनगरच्या हॉलमध्ये आप्पांचं अख्खं करमाड गाव लोटलं होतं. ही टूम श्रेयाचीच. सून नवी, पुण्याची, हौस दांडगी. "आप्पा, तुम्ही जन्मलात त्या दिवशीचा पेपर शोधते आणि त्यातल्या गमती सगळ्यांना वाचून दाखवते," असं ती बोलून बसली. आप्पा तेव्हा का कोण जाणे, गडबडले होते. "कशाला गं उगी? आमच्यात कुठं असतेत वाढदिवस," म्हणाले. पण तोवर सासूबाईंनी गावभर सांगूनही टाकलं होतं.

पेपर काही मिळाला नाही. ग्रंथालयातली त्या वर्षीची फाइल वाळवीनं पार फस्त केलेली. मग श्रेयानं जे केलं ते तिनं नवऱ्याला, शिवराजलासुद्धा सांगितलं नव्हतं. बातम्या मनानंच रचल्या, जुन्या वळणाच्या अक्षरात छापल्या आणि कागद चहाच्या पातेल्यात बुडवून गच्चीवर वाळवला. पिवळाधमक, अगदी एकोणीसशे एक्कावन्नचा!

हे उघडं पडलं तर तिचं हसं होईल ते होईलच, पण एवढ्या पाहुण्यांसमोर आप्पांची मान खाली जाईल. या घरात आल्यापासून तिची बाजू घेणारा एकच माणूस, आणि हे त्याच्याच अंगाशी यायचं.

त्यात पहिल्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या. आप्पांच्या वर्गमित्रांसाठी राखून ठेवलेल्या. कडुबांनी निरोप धाडला, घरी पाहुणे आलेत. साहेबराव म्हणे आज घरून हलूच शकत नाहीत. श्रेयाच्या मनात पाल चुकचुकली. यांना काही कुणकुण लागली की काय? आले ते एकटे दाऊदचाचा. नवीकोरी शेरवानी, तिच्या बाहीला पांढरं काहीतरी लागलेलं, आणि बसले तेही खुर्चीच्या टोकावर. फोन सारखा वाजत होता. "आलोच, लुबना बेटा, आलोच," असं नातीला समजावत होते.

बाई गं, घाईत आहेत. म्हणजे बोलून मोकळे होणार.

केक कापून झाला. शिवराजनं बायकोच्या हातात माइक दिला. श्रेयानं सुरळी उलगडली.

"करमाड स्टेशनात म्हैस रुळावर बसल्यानं गाडीचा खोळंबा. स्टेशनमास्तरांनी हिरवा झेंडा दाखवला असता म्हशीनं तो खाल्ला. मालकाचा तपास चालू."

हॉल खदखदला. "आमचीच असंल ती!" मागून कुणीतरी ओरडलं.

"गुलमंडीवर बिनदिव्याची सायकल चालवणाऱ्यास दंड. दंड करून निघालेला शिपाई ब्रेक नसल्यानं समोरच्या भिंतीपाशी थांबला."

"सिल्लोडच्या बाजारात रेडिओ आला. गाणारी बाई एवढ्याशा खोक्यात बसली कशी, यावरून दोन गटांत बाचाबाची."

"जाहिरात. टक्कल घालवणारं तेल. गुण न आल्यास दुकानी येऊन भेटा. दुकानदाराची ओळखण्याची खूण, टक्कल."

लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते. आप्पा मात्र हसेनात. उपरण्यानं नुसता घाम पुसत होते. चाचाही हसेनात. ते उठले, स्टेजवर आले आणि हात पुढं केला.

"बघू जरा."

श्रेयानं कागद त्यांच्या हातात दिला. आता देवाचं नाव घ्यायचं, दुसरं काय! चाचांनी कागद उजेडात धरला, कोपरा बोटांत चोळून पाहिला, मग नाकाशी नेला. आप्पा खुर्चीतून अर्धवट उठले.

"दाऊद," ते चाचरत म्हणाले, "खरा हाय का रे?"

चाचांनी आप्पांकडं पाहिलं. मग श्रेयाकडं. माइक ओढून घेतला.

"एकदम असली," ते म्हणाले. "तुझ्या वाढदिवसाइतकाच असली हाय, आप्पा."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. आप्पा मट्‌कन खाली बसले आणि मग जे हसत सुटले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

चाचा लगबगीनं निघाले. श्रेयानं त्यांना जिन्यापाशी गाठलं.

"चाचा, तुम्हाला कळलं ना?"

"असल्या कामाच्या चहात अद्रक घालायची नसती, बेटा. लई वास मारतोय."

श्रेयाला रडूच फुटलं. "तुमच्या पाया पडते, आप्पांना सांगू नका. त्यांचा एवढा जन्माचा दिवस, आणि मी त्यात खोटेपणा..."

"जन्माचा दिवस?" चाचा पायरीवर थांबले. "अगं पोरी, आमच्या टायमाला जन्माचा दिवस कुणाच्या मायबापाला ठाऊक होता? शाळेत नेलं की मास्तर डोक्यावरून हात घेऊन पलीकडच्या कानाला लावायला सांगायचे. लागला की घेतलं शाळेत, अन् तारीख टाकायचे त्यांच्या मनानं. अख्ख्या वर्गाला एकच, एक जून."

खिशातला फोन पुन्हा वाजायला लागला.

"आता सोड मला. कडुबाचा केक कापून आलो, आप्पाचा झाला, आता घरी माझा कापायचाय."